पोहे, तर्री आणि चिमूटभर कथील

दिनकर,

पोह्यात कथील होतं की तर्रीत, एवढं एक वाक्य सांगून गेला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?

तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असा विभागातून निरोप आला. फोटोखाली छापायचंय म्हणे. तुझा जन्म, पदव्या, घडवलेले विद्यार्थी हे सगळं दुसरे लिहितायत, त्यांच्याकडे ते तयारच आहे. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि माझं बोलणं भांडणाच्या ऐन मध्ये अडकलंय. अजून मला रडू आलेलं नाही. लोक माझ्याकडे बघतात, पाणी आणून देतात, मी पिते. दाढ काढल्यावर माणूस गालाला बोट लावून बघतो, तशी मी अधूनमधून स्वतःला चाचपून बघते. काही लागत नाही.

हे वाचणाऱ्यांना पोहे कोण आणि तर्री कोण ते ठाऊक नाही. त्यामुळे तू जरा गप्प बस, मी त्यांना सांगते. मध्ये बोलायची तुझी सवय आहे म्हणून आधीच बजावलं.

पोहे आणि तर्री हे दोन स्फटिक. नखाएवढे, काळे, चकचकीत. तूच भट्टीत वाढवलेले. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि गंधक नळीत बंद करून वितळवायचं आणि मग इतकं सावकाश थंड करायचं की अणूंना आपापल्या जागा शोधायला वेळ मिळावा. या जातीच्या पदार्थांची गंमत अशी की आतून ते वीज वाहू देत नाहीत, पण पृष्ठभागावरून ती वाहते. पृष्ठभाग खरवडा, तोडा, कापा. जो नवा पृष्ठभाग उघडा पडेल त्यावरूनही वाहते. ती वाट पुसता येत नाही. तू हे विद्यार्थ्यांना कापडावरून समजवायचास. उमरेडला तुमच्या घरी माग होता, तुझे वडील करवती काठाची लुगडी विणायचे. "कापडाचं अंग वेगळं, काठ वेगळा," तू म्हणायचास. "आता असं कापड डोक्यात आणा, का जे कुठूनही फाडलं तरी फाटल्या जागी नवा काठ आपोआप तयार होते. माझ्या बापाले असं कापड भेटलं असतं तर माग विकावा नसता लागला." पोरं हसायची. मग तू फळ्याकडे वळायचास आणि दोन तास त्यांना हसू यायचं नाही.

पण प्रत्यक्षात हे पदार्थ पुस्तकातल्यासारखे वागत नाहीत. आतूनही वीज झिरपते, आणि त्या गळतीत पृष्ठभागाची वाट दिसेनाशी होते. गळती कशी बंद करायची, यावर आपलं भांडण. मी कागदावर गणित करणारी. माझं गणित म्हणत होतं की आपल्या या संयुगात चिमूटभर कथील घातलं की आतली गळती थांबेल आणि फक्त वरची वाट उरेल. तू हाताने काम करणारा. तुझं म्हणणं, कथील म्हणजे घाण. स्फटिक जितका स्वच्छ तितकी वाट स्पष्ट. "सुजाता, कल्हई भांड्याले करतात वं, स्फटिकाले नाही," हे तू मला किती वेळा ऐकवलंस त्याची मोजदाद नाही. आयुष्यभर मी जे काही लिहिलं त्यातलं अर्धं या एका चिमटीवर उभं आहे. ती चिमूट खोटी ठरली असती तर मी शेवटची काही वर्षं खुर्चीत बसून काढली असती, बस.

आता आपला नियम सांगते, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

एकदा आपण दोघंही सपशेल फसलो होतो. स्फटिकाला चांदीच्या लेपाने जोडलेल्या तारा तापत होत्या, आणि त्या तापण्यालाच आपण शोध समजलो. पेढे वाटले. परिषदेत उभं राहून छाती काढून बोललो. मग सगळं मागे घ्यावं लागलं. परतीच्या प्रवासात तू इटारसीपर्यंत एक शब्द बोलला नाहीस, आणि इटारसीला म्हणालास, "आपल्याले जे पाह्यचं होतं तेच आपण पाहून राहिलो होतो. आता डोळे बांधूनच खेळू." तेव्हापासून वाढवणाऱ्याने मोजायचं नाही आणि मोजणाऱ्याला काही कळता कामा नये. कुठल्या स्फटिकात काय घातलंय ते फक्त तुझ्याजवळ. मी आणि माझी विद्यार्थिनी मयूरी मोजणार. तारा काढून पुन्हा जोडून, सगळ्या फेऱ्या संपल्या, की तू तोंड उघडणार. स्फटिकांना अ आणि ब म्हटलं तरी मन अ कडे झुकतं, असं तुझं म्हणणं, म्हणून नावं नाश्त्याची. समोसा आणि आलूबोंडा होऊन गेले. या खेपेला पोहे आणि तर्री.

आणि लिहून ठेवायचं नाही. पूर्वी एकदा तू चिठ्ठी करून कपाटात ठेवली होतीस, ती कुणाच्या तरी हाती लागली आणि दुपारपर्यंत अख्ख्या विभागाला तोंडपाठ झाली. सगळी मेहनत पाण्यात. त्यानंतर तू डोक्यात ठेवायला लागलास. "डोक्यात कोणी झाडू मारत नाही," म्हणायचास. आपण दोघं, केस पांढरे झालेले, स्वतःला फसवू नये म्हणून इतके दक्ष की खोलीतला पंखासुद्धा मोजणीच्या वेळी बंद करायचो. आणि माणूस मरतो, ही एवढी साधी शक्यता आपल्या नियमात बसवायची राहून गेली. याला मूर्खपणा म्हणतात, दिनकर. तुझा आणि माझा, अर्धा अर्धा.

शेवटची फेरी शनिवारी दुपारी संपली. "सोमवारी उघडू," तू म्हणालास. "सोमवारी कचोरी आणतो, मग उघडू." रविवारी सकाळी शालू वहिनींचा फोन आला. "ताई, हे उठून नाही राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मग फोन शेजारच्यांनी घेतला.

हुडकेश्वरहून प्रताप नगरपर्यंत मी गाडी नीट चालवली. सिग्नलला थांबले. एका सायकलवाल्याला वाट दिली. तुझ्या घरी पोचले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. वहिनी मला बघून म्हणाल्या, "चहा ठेवला होता त्याईच्यासाठी. उतू गेला." मी स्वयंपाकघरात गेले आणि शेगडी पुसली. चांगली घासून पुसली, बर्नर काढून. मग येऊन तुझ्याजवळ बसले. आणि खरं सांगते, तुझ्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पोह्यांचा. आता कोण सांगणार, हा. त्याच्यानंतर तू गेलास हे ध्यानात आलं, आणि तेही एखादी बातमी कळावी तसं.

त्या दिवसापासून मी अशीच आहे. बहीण म्हणते, रडून घे. मी म्हणते, घेते. आणि भाजी चिरायला बसते.

विभागात सगळ्यांची खात्री होती की तू कुठेतरी लिहून ठेवलं असणारच. "मॅडम, एवढी मोठी गोष्ट सर नुसती डोक्यात कसे काय ठेवतील?" मयूरीने विचारलं. मी म्हटलं, तू सरांना ओळखत नाहीस. तरी आम्ही शोधलं. तुझे खण, तुझा संगणक, भट्टीमागची फडताळं. काहीही नव्हतं. तू शब्दाचा पक्का निघालास, नको तिथे.

आमच्याकडे आलेख होते. तारीखवार, सुबक. थंड करत नेलं की तर्रीचा विजेला होणारा विरोध चढत जातो, चढत जातो, आणि मग एका जागी सपाट होतो. सपाट होणं म्हणजे आतली दारं बंद झाली आणि फक्त वरची वाट उरली. पोह्यांमध्ये यातलं काही नाही, गळती शेवटपर्यंत. म्हणजे वाट सापडली होती. जी वाट शोधण्यात आपल्या दोघांचे डोळे गेले ती समोर पडद्यावर होती, आणि ती कथलामुळे दिसली की कथील नसल्यामुळे, हे सांगणारा माणूस अंबाझरीच्या घाटावर राख होऊन पडला होता. मयूरीचा प्रबंध त्यावर अडलेला. माझं जे काही आहे ते त्यावर अडलेलं.

"नवीन वाढवू ना मॅडम," मयूरी म्हणाली. "एक कथीलवाला, एक बिना कथीलचा. मी करते."

बरोबर होतं तिचं. वाढवता येतील. पण भट्टी कुणाचं ऐकते हे तिला अजून माहीत नाही. तुला आठवतं ना, एका मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि तू जनित्र चालू होईपर्यंत भट्टीच्या तोंडावर जुनी गोधडी दाबून उभा राहिलास? बाहेर पारा सत्तेचाळीसच्या आसपास, आत भट्टी. मी ओरडत होते, दिनकर, सोड, मरशील. तू म्हणालास, "थांब वं, आता कुठं जमून राहिला तो." तो स्फटिक फुकट गेला. तरी तू संध्याकाळी आनंदात होतास, कारण कुठे फुकट गेला ते तुला कळलं होतं. हे असं काम मयूरी शिकेल. पण तिला वेळ लागेल, आणि मला तेवढा वेळ नोकरीत उरलेला नाही.

आपलं दुसरंही एक भांडण राहिलंय. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपनीचे लोक आले होते, सुटाबुटातले. त्यांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी तोंड उघडणार, क्वांटम संगणक वगैरे सांगणार, तेवढ्यात तू म्हणालास, "अजून माहीत नाही. पण खरं आहे." ते हसून, चहा पिऊन निघून गेले. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. थोडी आशा दाखवली असती तर काय जात होतं? तू म्हणालास, "जे मले माहीत नाही ते मी काहून सांगू?" मला आजही वाटतं तू चुकलास. माझे वडील लहानपणी सांगायचे, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचारून घ्यायचं. मी तुला विचारतच राहिले आणि तू एकदाही मला न पटणारं उत्तर बदललं नाहीस. एवढ्या वर्षांत मला एकही माणूस असा भेटला नाही ज्याच्या 'नाही'वर मी डोळे मिटून विश्वास ठेवावा. तुझ्या 'नाही'वर ठेवला.

म्हणूनच शेवटच्या महिन्यात तू मला नकोसा झाला होतास. उगाच खूश असायचास. पडद्यावर तर्रीची रेष सपाट होताना बघायचास आणि मयूरीची थट्टा करायचास, मला संत्री सोलून द्यायचास, खुर्चीवर मागे रेलून बसायचास. मी मनाशी पक्कं केलं की तू जिंकतोयस. तर्री स्वच्छ आहे, कथील पोह्यात आहे, आणि हा माणूस आतल्या आत गुदगुल्या होऊन बसलाय. तुला सगळं माहीत होतं आणि मला काही माहीत नव्हतं, हा आपलाच नियम, पण त्या महिन्यात तो मला झेपला नाही. मी तुझ्याशी कामापुरतं बोलत होते. तू संत्र्याची फोड पुढे करायचास, मी म्हणायचे, हात खराब आहेत.

शेवटी एक उपाय उरला. एका रासायनिक प्रयोगशाळेत फोन केला. कथील इतकं थोडं की वरून तपासून दिसणार नाही, ते म्हणाले. स्फटिक आम्लात विरघळवावा लागेल, आणि एवढासा तुकडा म्हणजे पूर्णच लागेल. "परत काही मिळणार नाही मॅडम, आधीच सांगतो."

ते दोन तुकडे म्हणजे तुझ्या हातचं शेवटचं काम. डबीत कापसावर ठेवलेले. दोन्ही तळहातावर घेतले तर वजनसुद्धा लागत नाही. मला काहीच वाटत नव्हतं, तरी डबी त्यांना द्यायला हात तयार होईना. म्हणून मी वहिनींना विचारायला गेले.

त्या पलंगावर बसून तुझ्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं, जरा जास्तच. त्यांनी ऐकून घेतलं.

"ताई, त्याईचे कपडे मी उद्या देऊन टाकून राहिली," त्या म्हणाल्या. "चष्मा देला. गाडी पोरगा नेऊन राहिला. अन् तुम्ही त्या दोन खड्यांसाठी मले विचारून राहिल्या?"

मी म्हटलं, त्याने बनवलेले शेवटचे आहेत.

"त्याईनं ते काहून बनवले होते?"

"कोण खरं ते बघायला."

"मंग पाहा ना." त्यांनी शर्ट उचलून पुन्हा झटकला आणि पहिल्यापासून घडी घातली. "घरी ठेवून मी का करू? मले तर त्यातला कोणता कोणता तेही समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्फटिक पाठवले. पाठवण्याआधी मयूरीने त्यांचे फोटो काढले. फोटोत ते कोळशाच्या कपच्यांसारखे दिसतात.

उत्तर दुपारी आलं. मी जेवणाचा डबा उघडून बसले होते, मयूरी दारातून पळत आली, तिच्या हातात फोन. तिने तो माझ्यापुढे धरला. मी फोन घेऊन वाचलं.

कथील तर्रीत होतं.

मी बरोबर होते, दिनकर. कथलाने आतलं दार बंद केलं आणि वाट उघडी पडली, माझ्या गणितात होतं तसंच. मयूरी मला मिठी मारून रडत होती, हसत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला म्हटलं, डबा खा, दोघींना पुरेल. भात गार झाला होता. आम्ही खाल्ला. तिने दोन-तीनदा माझ्याकडे बघितलं, मग खात राहिली.

भात खाताखाताच माझ्या ध्यानात आलं. तुला ठाऊक होतं. तर्रीची रेष पहिल्यांदा सपाट झाली त्याच दिवशी तुला कळलं होतं की तू हरलास. तो सगळा महिना, मी तोंड फिरवून बसले होते तेव्हा, मी खरी आहे हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता. तो रोज माझ्याशेजारी बसत होता, आणि नियम म्हणून त्याला ते मला सांगता येत नव्हतं. आयुष्यभर तू ज्याला घाण म्हणालास त्यानेच तुला हरवलं, आणि तू संत्री सोलत होतास.

मला तुझा भयंकर राग आलाय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागतंय, आणि तो रागच आहे. एक इशारा द्यायचा होतास. नियम मोडायचा होतास, एकदा. पण तू मोडला असतास तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. माझं गणित खरं ठरवायला जो स्फटिक लागला तो तू वाढवलास, तुला पटत नसताना, हातचं काही राखून न ठेवता. तू थोडा जरी निष्काळजी राहिला असतास तर जिंकला असतास. मला कुणी एवढं दिलेलं नाही.

शनिवारची शेवटची फेरी संपत आली तेव्हा तू पडद्यासमोर येऊन उभा राहिलास. रेष सपाट होत होती. मयूरी खाली गेली होती. तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि अगदी जवळ जाऊन बघत राहिलास, बराच वेळ. मी म्हटलं, "एवढं काय बघतोस? अजून उघडलं नाही काही."

"चांगला आला वं हा," तू म्हणालास. "पाहू दे थोडा."

मी म्हटलं, "बाजूला हो, मला दिसत नाहीये."

तू बाजूला झालास.